हिवाळ्यातील थकबाकी

मार्गशीर्ष सरत आला, मिशिगन सरोवरावरून येणारे वारे हाडांपर्यंत पोहोचू लागले आणि साडेचार वाजण्यापूर्वीच दिवस मावळू लागला, म्हणजे शिकागो परिसरातील बहुतेक मराठी घरांत एका निराळ्याच वसुलीला आरंभ होतो. ‘पाहू, वाचू, सवड झाली की बसू’ अशा वायद्यावर वर्षभर टाकलेल्या गोष्टी, म्हणजे मायदेशाहून येताना कोणी आठवणीने आणून दिलेली कादंबरी, स्नेह्यांनी एकमुखाने वाखाणलेली मालिका, मुलांच्या वाढदिवसाला आलेला पण वेष्टनातून अद्याप बाहेर न पडलेला पटावरचा खेळ, आणि मुख्यतः दिवाळी अंकांची ती चळत, या साऱ्या थकबाकीची आठवण व्हावयास हिवाळ्यासारखा दुसरा मुहूर्त नाही. ३० जानेवारी २०१९ रोजी ओहेअर विमानतळावर पारा उणे २३ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारे उणे ३१ सेल्सिअसपर्यंत उतरला होता, त्या दिवसांत घराबाहेर पाऊल टाकणेच दुरापास्त झाले होते, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या स्मरणात असेल. दर वर्षी इतकी कडक थंडी पडत नाही. तथापि गणपती आणि दिवाळीचे समारंभ आटोपलेले, संक्रांतीला अवकाश आणि परसदारी करण्याजोगे काही उरलेले नाही, अशा या दिवसांत मनुष्याने आपल्या आवडीनिवडींचा मागील हिशेब पुरा करावयास घेतला, तर त्यात गैर असे काहीच नाही. विश्रांतीलाही वर्षात एक मुक्रर काळ असावा, हे चातुर्मासाची योजना करणाऱ्या समाजाला कोणी नव्याने शिकवावयास नको.

मात्र ही थकबाकी फेडण्याची जी रीत आपल्या घरांत रूढ होत चालली आहे, तिच्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांला अगत्याचे वाटते. वडील बेसमेंटमध्ये बसून मालिकेचे भागांमागून भाग पाहतात. आई स्वयंपाकघरात कानांना हेडफोन लावून एखादे पुस्तक ऐकत असते. मुलगा आपल्या खोलीत दूरच्या शहरांतील मित्रांबरोबर खेळात गुंतलेला असतो. मुलगी पांघरुणात शिरून इंग्रजी कादंबरी वाचते. आणि आजी-आजोबा मुक्कामाला असतील तर ते मोबाइलवर पुण्या-नागपूरच्या बातम्या पाहत बसतात. यांपैकी प्रत्येकाचा छंद निर्दोष आहे आणि कोणालाही बोल लावण्याचा आमचा हेतू नाही. परंतु शाळा, कचेरी, पोहण्याचे वर्ग आणि मैदाने यांनी इतर ऋतूंत चहूंकडे पांगलेले कुटुंब ज्या दोन-तीन महिन्यांत अखेर एका छपराखाली गोळा होते, नेमक्या त्याच महिन्यांत त्या घरात मराठी शब्द कमीत कमी ऐकू यावेत, ही गोष्ट मनाला लागल्यावाचून राहत नाही.

आपल्या पूर्वजांनाही असा कोंडलेला ऋतू ठाऊक होता. फक्त तो हिमाचा नव्हता, पावसाचा होता. नद्यानाल्यांना पूर येऊन वाटा बंद झाल्या, लावणी उरकली, की गावच्या देवळात किंवा एखाद्या मोठ्या घराच्या ओसरीवर पोथी लागत असे. श्रीधरस्वामींनी ‘हरिविजय’ १७०२ साली, ‘रामविजय’ १७०३ साली आणि ‘पांडवप्रताप’ १७१२ साली पूर्ण केला, आणि त्यानंतरच्या काळात अक्षरओळख नसलेल्या असंख्य मराठी माणसांना रामकथा, कृष्णकथा आणि भारतकथा ज्ञात झाली ती या ग्रंथांच्या श्रवणाने. एकाने वाचावे, बायकांनी वाती वळता वळता ऐकावे, पोरांनी खांबाला टेकून पेंगत पेंगत ऐकावे, आणि उद्याच्या अध्यायात काय होणार याची हुरहुर मनात धरून सर्वांनी घरोघरी जावे, असा तो क्रम होता. त्या श्रोत्याला वाचता येत नसे, परंतु त्याचा कान मात्र उत्तम तयार झालेला असे.

आता आपल्या येथे वाढलेल्या मुलांकडे पाहावे. घरातले बोलणे त्यांना कळते, आजीचा विनोद कळतो, आईचा राग तर निश्चितच कळतो. पण देवनागरी पान पुढे आले की ती थांबतात. आमच्या मते त्या जुन्या श्रोत्याची आणि या मुलांची स्थिती फार वेगळी नाही. मराठी शाळांच्या शिक्षकांचे परिश्रम आम्ही जाणतो, आणि अक्षरे शिकविण्याचा त्यांचा उद्योग अखंड चालू राहावा असेच आम्हांला वाटते. परंतु मुलाला वाचता येऊ लागेपर्यंत मराठी वाङ्मयाचे दार त्याला बंद ठेवण्याचे काही कारण नाही. ते दार कानाच्या वाटेने आजच उघडता येते. थकबाकीतील पुस्तके मनातल्या मनात वाचून संपविण्याऐवजी ती मोठ्याने वाचावीत, एवढीच आमची मुख्य विनंती आहे.

या कामी दिवाळी अंकासारखे दुसरे साधन नाही. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाच्या फराळाच्या ताटाशेजारी वाचनाची जागा कायमची मुक्रर करून ठेवली. येथे आपल्यापाशी तो अंक दिवाळीत क्वचितच पोहोचतो. नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरात कोणाच्या तरी बॅगेतून, मेतकुटाच्या पुड्या आणि लोणच्याच्या बरण्या यांच्या दाटीत, कोपरे दुमडलेले आणि मुखपृष्ठावर तेलाचा एखादा डाग अशा अवस्थेत तो येतो. मग तो या घरातून त्या घरात फिरतो. एकजण आधी व्यंगचित्रे पाहतो, दुसरा वार्षिक राशिभविष्य उघडतो, तिसरा अनुक्रमणिकेत ओळखीच्या लेखकांची नावे शोधतो, आणि दीर्घकथा मात्र ‘निवांत वाचू’ म्हणून सर्वांकडूनच मागे राहते. ती दीर्घकथा तीन-चार रात्रींत विभागून वाचावी. रात्रीचे जेवण झाल्यावर वीस मिनिटे पुरेत. कथा जेथे पकड घेते तेथेच अंक मिटावा, म्हणजे दुसऱ्या दिवशी मुले आपण होऊन आठवण देतील. वाचता वाचता प्रत्येक वाक्याचे इंग्रजी करून सांगण्याचा मोह आवरावा. त्याने कथेचा ओघ तुटतो आणि मूल मराठी वाक्याकडे कान देईनासे होते. अडलेला शब्द त्याने विचारला तर तो मराठीतच, हातवारे करून, चित्र काढून समजावून द्यावा.

कोणत्या कथा निवडाव्यात, असा प्रश्न येईल. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी महाराष्ट्रभर हिंडून कथाकथनाचे कार्यक्रम केले, हे जुन्या पिढीला सांगावयास नको. त्यांच्या अनेक कथा मुखातून बाहेर पडण्यासाठीच जन्मल्या आहेत असे वाटते. मिरासदारांची ‘भुताचा जन्म’ किंवा शंकर पाटलांची ‘धिंड’ मोठ्याने वाचून पाहावी. त्यांतील संवाद वाचणाऱ्याचा आवाज आपोआप बदलतो, आणि ऐकणाऱ्या मुलाला गावाकडची मराठी प्रथमच जिवंत भेटते. लहान मुलांसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे, ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आहे. आणि बालभारतीने १९७१ साली सुरू केलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक संगणकावर विनामूल्य वाचावयास मिळतात, ही सोय आपल्यासारख्या दूरस्थांना मोठीच आहे.

चित्रपट आणि मालिका यांच्याविषयी थोडक्यात लिहितो. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले, आणि पुढे ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ लागण्याची वेळ झाली की ज्या घरी संच असे त्या घरी शेजारपाजार जमे. पाहण्याइतकेच त्यावर बोलणेही होई. तो काळ परत येणार नाही आणि त्याचा आग्रहही आम्ही धरीत नाही. आमची सूचना दोनच गोष्टींपुरती आहे. मराठी चित्रपट पाहावयाचा तर सर्वांनी एकत्र पाहावा. आणि ज्या मुलांना बोलणे कळते त्यांच्यासाठी पडद्याखालची इंग्रजी सबटायटले बंद करावीत. डोळे अक्षरांवर खिळले की कान काम सोडून देतात, हा अनुभव कोणालाही एका संध्याकाळी घेता येईल. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ या चित्रपटाला २०२० साली व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचे पारितोषिक मिळाले. शास्त्रीय संगीताची तळमळीने साधना करणाऱ्या एका तरुणाची ती कथा आपल्यापैकी अनेकांच्या ‘पाहावयाचे आहे’ या यादीत आजवर पडून आहे. घरात गाणे किंवा वाजविणे शिकणारे पंधरा-सोळा वर्षांचे मूल असेल, तर त्याच्यासह तो अवश्य पाहावा, आणि दुसऱ्या दिवशी जेवताना त्याचे मत विचारावे. ते आपल्यापेक्षा वेगळे निघाले तर संभाषण अधिक लांबेल, आणि तेच तर आपणांस हवे आहे.

खेळांच्या बाबतीत मात्र आम्हांला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण ज्याला आपण वेळ घालविण्याचे साधन म्हणतो त्यात भाषेचे केवढे बळ दडलेले आहे, याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. साधा झब्बू घ्या. सर्व पाने वाटून झाली की ज्याच्या हाती इस्पिकचा एक्का त्याची उतारी. इतरांनी त्याच रंगाचे पान टाकावयाचे. ज्याच्यापाशी तो रंगच नाही त्याने दुसऱ्या रंगाचे पान टाकले की झब्बू बसला, आणि उतारीच्या रंगातील सर्वांत वरचे पान ज्याचे असेल त्याने डावावरची सगळी पाने उचलावयाची. अखेरपर्यंत ज्याच्या हाती पाने उरली तो हरला. एरवी मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देणारी नऊ-दहा वर्षांची मुलगी, हातात न मावणारी पाने दोन्ही तळव्यांनी सावरीत, ‘आजी, तू मलाच का झब्बू दिलास? माझ्याकडे एवढीच तर पानं राहिली होती!’ असे एका दमात बोलून जाते, तेव्हा ती व्याकरणाची भीती पूर्णपणे विसरलेली असते. मेंढीकोटात जोडीदाराला सावध करावे लागते, बदाम सातमध्ये अडवून धरलेली अठ्ठी कोणाकडे आहे याची चौकशी करावी लागते, चॅलेंजमध्ये तर धडधडीत खोटे बोलून ते पचवावे लागते. आणि हे सारे शब्दांवाचून होत नाही. सावंतवाडीला हाताने रंगविलेल्या गंजिफांची परंपरा आजही चालू आहे, आणि तिथल्या दशावतारी गंजिफात गोल आकाराची १२० पाने, प्रत्येक अवताराची बारा, असतात. कोकणात जाणाऱ्या सभासदांनी ती अवश्य पाहावीत.

संगणकावरील खेळांना आम्ही तुच्छ लेखीत नाही. मुलगा तासन् तास ज्या खेळात रमतो, त्यापुढे वडीलधाऱ्यांनी एकदा खुर्ची ओढून बसावे आणि ‘हे काय चालले आहे, मला समजावून सांग’ म्हणावे. आपल्याला येते आणि वडिलांना येत नाही अशी गोष्ट मराठीत समजावून सांगण्याचा प्रसंग आपल्या मुलांवर क्वचितच येतो. शब्द अडतील, निम्मी वाक्ये इंग्रजीत जातील. तरीही सांगणारा तो आणि शिकणारे आपण, ही अदलाबदल त्याला बोलते करते. बुद्धिबळ येत असेल तर आणखीच उत्तम. नागपूरच्या दिव्या देशमुख हिने २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकला. तो अंतिम सामना पटावर मांडून मुलांसमवेत एकेक चाल पाहण्याइतकी सवड जानेवारीतील कोणत्याही रविवारी मिळू शकेल.

आता मंडळाच्या व्यवस्थेविषयी. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१९ साली उशिरा परत येणाऱ्या पुस्तकांवरील दंड माफ केला, आणि त्यानंतर वर्षानुवर्षे घरोघरी अडकून पडलेली पुस्तके मोठ्या संख्येने परत आली. आपल्या मंडळाच्या कपाटातील पुस्तकांवर दंड कधीच नव्हता. म्हणून ज्या सभासदांकडे मागील वर्षांचे दिवाळी अंक राहिले असतील त्यांनी ते निःसंकोचपणे संक्रांतीच्या कार्यक्रमाला आणून द्यावेत. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमातील ग्रंथपेट्या परदेशांतील मराठी वाचकांपर्यंतही पोहोचल्या आहेत. तशी पेटी आपल्याकडे आणता येईल काय, याचा विचार कार्यकारिणीने करावा अशी आमची दरखास्त आहे. जानेवारी आणि फेब्रुवारीत रविवारी दुपारी सामुदायिक वाचन ठेवण्याचे योजिले आहे. शंकर पाटलांची कथा कोल्हापूरकडच्या सभासदाने वाचावी, वऱ्हाडातली कथा वऱ्हाडच्या माणसाने, खानदेशातली खानदेशच्या आणि कोकणातली कोकणच्या, अशी आमची इच्छा आहे. वाचण्यास तयार असणाऱ्यांनी आपले नाव, मूळ गाव आणि निवडलेली कथा कार्यवाहांना डिसेंबरअखेर कळवावी; पत्त्यांचे जादा जोड ज्यांच्याकडे असतील त्यांनी तेही सोबत आणावेत, कारण वाचनानंतर गड्डा झब्बूचा डाव मांडावयाचा आहे आणि त्याला एक जोड पुरत नाही.