आधी आत जा, मग दार लाव

लेक चिनी शिकायला लागल्यापासून आमच्याकडे तिच्या वहीवरून रोज वाद. ‘तोंड’ हे अक्षर म्हणजे दिसायला नुसता चौकोन. ती तो एका दमात काढते, बाई लाल पेनाने खोडतात. त्यात रेघा तीन: आधी डावीकडची उभी, मग वरून वळून उजवीकडे उतरणारी, शेवटी तळाची.

“दिसतं तर सारखंच, कोण बघतंय?” लेकीचं म्हणणं.

मला मात्र बाईंचं पटतं. ‘देश’ हे अक्षर आठ रेघांचं. तीन बाजूंच्या भिंती, मग आतलं सगळं, तळाची रेघ अगदी शेवटी. आधी आत जा, मग दार लाव, असं तिकडे मुलांना शिकवतात. दार आधी लावलं की आतलं कोंबावं लागतं, आणि तिच्या वहीत ते कोंबलेलं दिसतंच. शिवाय भरभर लिहिताना रेघा एकमेकींना जोडल्या जातात. क्रम चुकला तर त्या भलतीकडेच जुळतात, वाचणारा अडतो. आपणही शिरोरेघ शेवटीच देतो ना?

अर्थात हा क्रम काही दगडावरची रेघ नाही. ‘शेत’ लिहिताना आतली आडवी रेघ चीनमध्ये आधी, तर जपानमध्ये उभी आधी. पण एक पद्धत धरली की तीच धरावी, रोज नवी नको.

काल तिने ‘देश’ दहादा लिहिला. सातव्या वेळी दार आधीच लागलं. मी गप्प बसले. तिनेच खोडलं.