पट घटतो, की घटवला जातो?

जून महिन्यात शाळा उघडल्या की सरकारी मराठी शाळांच्या घटत्या पटाची चर्चा सुरू होते आणि 'पालकांना इंग्रजीचे वेड लागले आहे' या वाक्यावर ती संपते. हे निदान अपुरे आहे, असे आम्हांस वाटते.

वसईचेच उदाहरण घेऊ. चार नगरपरिषदा व आसपासच्या ग्रामपंचायती मिळून २००९ साली वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. प्राथमिक शाळा चालविणे हे महानगरपालिकेचे कायदेशीर कर्तव्य आहे. तथापि स्थापनेनंतरही अनेक वर्षे येथील सरकारी शाळा जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. शहर झपाट्याने वाढले. शाळेची व्यवस्था मात्र खेड्याचीच राहिली.

खरी गळती लागते ती सहावी ते आठवीच्या टप्प्यावर. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा चौथी-पाचवीलाच संपतात, तर अनुदानित माध्यमिक शाळा पाचवीपासून सुरू होतात. साहजिकच पालक मुलाला लवकर हलवितात आणि सातवीपर्यंतच्या सरकारी शाळेचे वरचे वर्ग ओस पडतात.

त्यात १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाची भर पडली. सहावी ते आठवीचा पट वीसपेक्षा कमी असल्यास तेथे नियमित शिक्षकाचे पद मंजूर न करण्याची तरतूद त्यात आहे. याउलट २००९ चा शिक्षणहक्क कायदा या टप्प्यावर प्रत्येक वर्गामागे किमान एक शिक्षक आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांसाठी स्वतंत्र शिक्षक असावेत, असे सांगतो. पट कमी म्हणून शिक्षक नाही. शिक्षक नाही म्हणून पट आणखी कमी! या फेऱ्यात उरतात ती वीटभट्टी कामगारांची, आदिवासी पाड्यांवरची, खासगी शाळेची फी न परवडणारी मुले.

गुणवत्तेची चिंता रास्तच आहे. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातील आठवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना साधा भागाकार जमला नाही. ही पाहणी खासगी शाळांतील मुलांनाही धरून आहे, हे विसरू नये. केवळ शाळा बदलल्याने गणित सुधारत नाही. त्यासाठी शिकविणारा माणूस लागतो.

या बाबतीत आम्हीही सर्वस्वी निर्दोष नाही. वसईत मराठी शिक्षणाचा पाया घालण्यात धर्मग्रामांच्या शाळांचा वाटा मोठा आहे. परंतु इंग्रजी माध्यमाच्या तुकड्या वाढविताना शेजारच्या मराठी वर्गाचे काय होईल, याचा विचार आम्ही किती वेळा केला?

शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. आपले मूल त्या शाळेत असेल, तर समितीच्या बैठकीस अवश्य जा आणि रिक्त पदांचा हिशेब मागा. मूल तेथे नसेल, तरी शेजारच्या पालकाला साथ द्या. शाळा बंद झाल्यावर काढलेल्या मोर्चापेक्षा ती चालू असताना विचारलेला प्रश्न अधिक मोलाचा ठरतो.