साठ टक्के आणि कॅमेरा गुल!

ऑफिसात माझं काम काय, तर दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधायच्या. टेस्टर आहे ना मी! एखादा प्रोग्रॅम अठरा वेळा चालवून एकोणिसाव्यांदा कसा पडतो, हे दाखवण्याचा मला पगार मिळतो. आणि अशा या बाईने स्वतःच्या पैशाने घेतलेला पहिलावहिला ॲक्शन कॅमेरा एकदाही नीट न तपासता थेट आखाजीला नेला! हसा, हसा. माझ्या टीममधले अजून हसतायत.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, हे पुण्यातल्या मित्रांना दर वर्षी सांगावं लागतं. तुमच्याकडे त्या दिवशी सोनं घेतात. आमच्या खान्देशात लेकी माहेरी येतात, गौराई बसते, निंबाच्या फांदीला झोके बांधतात आणि झोक्यावर गाणी म्हणतात. घरात पुरणपोळी आणि आमरस, बाहेर पुरुषमंडळींचे पत्त्यांचे डाव. माझं माहेर जळगावचं आणि आईचं धुळ्याचं. त्यामुळे आखाजीला आईला सोडायच्या निमित्ताने आमची सगळी वरात आजोळी.

यंदा माझा एक प्लॅन होता. आजी ८३ वर्षांची. तिला येणारी आखाजीची अहिराणी गाणी मामीला निम्मी येतात, आईला पाव येतात आणि मला फक्त त्यांची चाल येते. पुढचा हिशोब सोपा आहे. म्हणून ठरवलं, आजी झोक्यावर बसून म्हणेल तसं सगळं शूट करायचं. झोक्याच्या दोरीला बांधता येईल असा छोटा कॅमेरा हवा होता. जळगावात पोचल्या दिवशीच दुकानात जाऊन घेतला. पक्कं बिल, चकचकीत खोका, आत एक बॅटरी. रात्रभर चार्जिंगला लावला आणि सकाळी गाडीत.

जळगाव ते धुळे साधारण नव्वद किलोमीटर. पाळधी, एरंडोल, पारोळा. जुना सहा नंबरचा हायवे, आता त्याला ५३ म्हणतात. बाहेर पारा ४३ वर. कॅमेरा डॅशबोर्डवर ठेवून मी ऐटीत रस्ता शूट करत होते. एरंडोलच्या आधीच तो बंद पडला. मी म्हटलं, उन्हाने असेल. चुकीचं नव्हतं ते. बहुतेक ॲक्शन कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत ३५ ते ४० अंशांची मर्यादा दिलेली असते. म्हणजे आमच्या एप्रिल-मेमध्ये ती सावलीतच ओलांडलेली!

संध्याकाळी ऊन उतरल्यावर आजी झोक्यावर बसली. बॅटरी पुन्हा १०० टक्के. आईने हलकेच झोका दिला, आजीने सूर लावला आणि अंगणातल्या सगळ्या बायका गप्प झाल्या. मी कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्याकडे बघत होते. ८० टक्के, ७० टक्के, ६० टक्के... आणि काळोख! बटण दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं, दोन सेकंद उजेड आणि परत गुल. मी बॅटरी काढतेय, फुंकर मारतेय, घालतेय. तेवढ्यात गाणं संपलं.

आजीने विचारलं, "तुनं खेयनं बंद पडी गय का?"

आता तुम्ही म्हणाल, खिशात मोबाईल नव्हता? होता ना! फुल चार्ज होता. सुचलंच नाही. नवीन खेळणं हातात आलं की जुनी अक्कल गहाण पडते, दुसरं काय.

रात्री झोप लागेना. कारण मनात एकच प्रश्न, चूक कुणाची? मी उन्हात ठेवला म्हणून बिघडला, की मुळातच बिघडलेला आला? दुकानदार पहिला प्रश्न हाच विचारणार होता. आणि खरं सांगू, मलाही उत्तर हवं होतं. उगाच कुणावर आळ का घ्यायचा?

तर मग मी तेच केलं, जे ऑफिसात करते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

पहिली टेस्ट गारव्यात. पहाटे मामेभावाबरोबर लळिंगचा किल्ला चढले. धुळ्याच्या दक्षिणेला, मुंबई-आग्रा रस्त्यालगतच आहे तो. उजाडायच्या सुमाराला मस्त गार वारा. कॅमेरा १४ मिनिटांत बंद! पडद्यावरचा शेवटचा आकडा ५८ टक्के. म्हणजे ऊन एकटं गुन्हेगार नव्हतं.

दुसरी टेस्ट साधेपणाची. घरी पंख्याखाली, फोर-के वगैरे चोचले बंद, वायफाय बंद, कार्ड दुसरं. २१ मिनिटं आणि गुल.

तिसरी टेस्ट निकालाची. दादाकडे याच मॉडेलचा वर्षभर जुना कॅमेरा आहे. त्याची बॅटरी माझ्या कॅमेऱ्यात घातली. तास उलटून गेला तरी कॅमेरा सुरूच! मग माझी बॅटरी त्याच्या कॅमेऱ्यात घातली. पाव तासात त्याचाही कॅमेरा झोपला. निकाल लागला. कॅमेरा निर्दोष, बॅटरी दोषी. प्रत्येक टेस्टचा मोबाईलवर व्हिडिओ काढला, शेजारी घड्याळ ठेवून. (या वेळी मोबाईल सुचला!)

पण ६० टक्के दाखवून बॅटरी मरते कशी? ऐका, जळगावकरांना हे लगेच कळेल. गच्चीवरची टाकी भरलेली असते, पण पाईपात क्षार साचलेले. तोटी थोडी उघडली तर पाणी येतं, पूर्ण उघडली की धार तुटते. बॅटरीचंही तसंच. लिथियम-आयन सेल पूर्ण भरला की साधारण ४.२ व्होल्टच्या आसपास असतो आणि ३ व्होल्टच्या आसपास आला की रिकामा समजतात. टक्के हा कॅमेऱ्याचा अंदाज. सेल खराब असेल तर त्याचा आतला अवरोध वाढतो. रेकॉर्डिंग सुरू झालं, कॅमेऱ्याने जोरात करंट ओढला, की व्होल्टेज धाडकन खाली येतं. कॅमेऱ्याला वाटतं संपलं! थोडा वेळ पडून राहिला की पुन्हा ५० टक्के. तुमच्याकडे असं होत असेल, तर बॅटरीवर संशय घ्यायला हरकत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र गंमत संपली. बॅटरीच्या कप्प्याचं झाकण लागेना. बॅटरी बाहेर काढली तर मधोमध पोट आलेलं. फुगली होती! आतलं रसायन बिघडून वायू साठला की बॅटरी उशीसारखी फुगते. अशी बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही आणि "एकदा लावून बघू" म्हणून चार्जिंगला तर मुळीच लावायची नाही. आग लागू शकते. मी तिच्या टोकांना चिकटपट्टी लावली, स्टीलच्या डब्यात कोरडी वाळू भरली, त्यात ती ठेवली, झाकण सैल ठेवलं आणि डबा घराबाहेर, सावलीत. डबा मामीचा होता. लाडवांचा. त्यावरून जे ऐकावं लागलं ते इथे छापण्यासारखं नाही.

जळगावला परत आल्यावर दुकान गाठलं. मालक हसून म्हणाले, "मॅडम, बॅटरी वॉरंटीत येत नाही. ती कन्झ्युमेबल असते." मी वॉरंटी कार्ड उघडून दाखवलं. बारीक अक्षरांत बॅटरीचीही मुदत छापलेली होती. मग त्यांनी बिलाच्या तळाकडे बोट दाखवलं. विकलेला माल परत घेतला जाणार नाही! कंपनीला फोन केला, तर उत्तर मिळालं, कुरिअरने पाठवा. कुरिअरवाला म्हणाला, फुगलेली बॅटरी? हात लावणार नाही. तो मात्र बरोबर होता. खराब झालेली लिथियम बॅटरी विमानाने पाठवायला बंदीच आहे. म्हणजे दुकान घेईना, कंपनीपर्यंत पोचेना आणि बॅटरी लाडवाच्या डब्यात!

इथे बाबा मैदानात उतरले. बाबांकडे १९९० पासूनच्या प्रत्येक वस्तूच्या बिलाची फाईल आहे. आम्ही आजवर तिची टिंगल करत आलो. बाबा शांतपणे म्हणाले, "२००७ आठवतंय का?"

तुमच्यातल्याही काहींना आठवत असेल. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने जाहीर केलं होतं, की बीएल-५सी नावाच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्ज होताना तापू शकतात आणि त्या फुकट बदलून मिळतील. त्या मात्सुशिता कंपनीने बनवल्या होत्या. जो तो मोबाईल उलटा करून बॅटरीवरचा नंबर वाचत बसला होता! मी तेव्हा शाळेत होते. आणि दूर कशाला जायचं? ॲक्शन कॅमेऱ्यांसाठी गाजलेल्या गोप्रोनेही नोव्हेंबर २०१६ मध्ये आपले कर्मा नावाचे सुमारे अडीच हजार ड्रोन परत मागवले होते, कारण उडता उडता त्यांची वीज जात होती. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, २०१९ मध्ये तिच्या जनकांना नोबेल मिळालं, तरी एखादा सेल खराब निघतोच. बाबांचं म्हणणं एवढंच, की माल खराब निघणं हा गुन्हा नाही. खराब माल गिऱ्हाईकाच्या गळ्यात ठेवणं हा आहे.

आणि कायदाही साधारण तेच म्हणतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. बिलाच्या तळाची ती ओळ कितीही ठळक छापलेली असो! तक्रार आपण राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. आणि त्याआधी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहेच.

रात्री बसून मी ई-मेल लिहिला. दुकानाला आणि कंपनीला एकच. शिव्या नाहीत, उद्गारचिन्हं नाहीत (इथे वापरतेय ती तिथली शिल्लक). खरेदीची तारीख, बिल नंबर, सीरियल नंबर, तीन टेस्ट, तीन व्हिडिओ, फुगलेल्या बॅटरीचा फोटो. डॅशबोर्डवर उन्हात ठेवला होता हेही लिहिलं. आई म्हणाली, "कशाला सांगतेस?" पण टेस्टरने स्वतःची चूक लपवली की पुढचा सगळा रिपोर्ट संशयात जातो. शेवटी मागणी एका ओळीत. बॅटरी बदलून द्या, सात दिवसांत कळवा. १९१५ वरही तक्रार नोंदवली.

सहाव्या दिवशी दुकानातून फोन आला. "मॅडम, नवीन बॅटरी आलीये. जुनी घेऊन या, आम्हीच जमा करतो." तेही त्यांचे उपकार नव्हेत. २०२२ च्या नियमांप्रमाणे वापरून झालेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवरच टाकलेली आहे. पण बाबा गेले, चहा घेतला आणि डबा रिकामा करून आले. जाताना मी बजावलं होतं, नव्या बॅटरीवर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी नंबर बघा. होता. मामीचा डबा घासूनपुसून धुळ्याला रवाना झाला. त्यात लाडू भरून द्यावे लागले, ही वेगळी भरपाई.

नवी बॅटरी पुण्यात आल्याआल्या मी सलग तीनदा पूर्ण भरून पूर्ण चालवली. तासाच्या वर जाते. आता ती माझ्या विश्वासातली.

राहता राहिली ती आजीची फाईल. रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली, तर व्हिडिओची फाईल अर्धवट उघडी राहते. शेवटी लिहायची अनुक्रमणिका लिहिलीच जात नाही, म्हणून ती कुठेच उघडत नाही. अशा वेळी कार्ड फॉरमॅट करू नका. तेच कार्ड त्याच कॅमेऱ्यात, चांगल्या बॅटरीवर सुरू करून बघा. बरेच कॅमेरे स्वतःच ती फाईल दुरुस्त करतात. माझी झाली. सगळी नाही, ११ मिनिटं.

फोनवर आजीला म्हटलं, "पुढच्या महिन्यात येते, उरलेलं गाणं पुन्हा म्हणशील ना?"

आजी म्हणाली, "आखाजीना गाना आखाजीलेच म्हनतस, माय."

म्हणजे पुढच्या वर्षीपर्यंत थांबायचं. तोवर त्या ११ मिनिटांवर भागवतेय. शेवटच्या सेकंदाला झोका वर गेलेला आहे आणि अजून खाली आलेला नाही.

पुढच्या आखाजीला दोन बॅटऱ्या नेणार आहे. आणि मोबाईल आधीच आईच्या हातात देऊन ठेवणार आहे.