मावळ्याला गणवेश चढवताना

दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा हा मराठी घरातला एकमेव सैनिक असावा, ज्याची दरवर्षी नव्याने भरती होते आणि सण सरला की ज्याला वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर धाडले जाते. गिरगाव-परळच्या चाळी सोडून मीरा रोड-भाईंदरला आलेल्या अनेक कुटुंबांच्या सामानात मावळ्यांची अशी खोकी होती. इमारतीच्या आवारात, वाहनतळाच्या कोपऱ्यात आजही किल्ले होतात आणि त्यांवर तीन-चार दशकांपूर्वीचे मावळे पहारा देतात. अलीकडे मात्र या जुन्या मावळ्यांना ‘अस्सल’ रंगांत पुन्हा रंगवण्याची हौस वाढते आहे. हौस निर्मळ आहे, पण तिच्यामागचे गृहीतक तपासून पाहण्याजोगे आहे.

जुना मावळा कसा असतो? गुलाबी चेहरा, लाल पागोटे, हिरवा अंगरखा, पिवळा चोळणा, मिशीच्या जागी एक काळा फराटा. कारागिराने एका रंगाची वाटी घेऊन ओळीने मांडलेल्या साऱ्या पागोट्यांवर एकाच बैठकीत कुंचला फिरवला, मग दुसरी वाटी घेतली. या रंगांचा हेतू इतिहास सांगण्याचा नव्हता. मातीच्या डोंगरावर, उगवलेल्या अळिवाच्या हिरवळीत, पणतीच्या उजेडात चार बोटांचा माणूस दिसावा, एवढाच होता. तो सफलही झाला.

‘अस्सल गणवेश’ ही कल्पना दुसऱ्या परंपरेतून आली आहे. इंग्लंडमध्ये ब्रिटन्स या कंपनीने १८९३ साली आतून पोकळ असे शिशाचे सैनिक ओतायला सुरुवात केली आणि पलटणींचे संच घरोघर पोचले. त्या सैन्यात पोशाखाचे लेखी नियम होते. कॉलरचा रंग कोणता, बाहीची पट्टी कोणती, याचे उत्तर दफ्तरात सापडे. त्यामुळे तिथल्या हौशी रंगाऱ्याला ‘हा रंग चुकला’ असे खात्रीने म्हणता येते. कंपनी सरकारने १७६८ साली उभ्या केलेल्या आणि पुढे जंगी पलटण म्हणून नावाजलेल्या पलटणीच्या मराठी शिपायाची प्रतिकृती रंगवायची असेल, तर हाच नियम लागू पडेल. मावळ्याला तो कसा लावणार?

शिवकाळातल्या पायदळाला एकसारखा पोशाख नव्हता. बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदार स्वतःचा आणी. अंगावरचे कापड ज्याच्या त्याच्या ऐपतीचे आणि गावच्या विणकराचे. कवायती शिस्त आपल्याकडे ठळकपणे दिसते ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, आधी पानिपतावरच्या इब्राहिमखानाच्या गारद्यांत आणि नंतर महादजी शिंद्यांसाठी द बॉयनने उभारलेल्या पलटणींत. म्हणजे मावळ्याला ‘अचूक’ रंग देणारा माणूस नकळत शंभर वर्षे पुढची शिस्त त्याच्या अंगावर चढवतो.

साधनांकडे वळावे, तर तीही फारशी मदत करत नाहीत. राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून बखर लिहिणारा सभासद अफझलखानाच्या भेटीच्या प्रसंगी कुडती, मंदील, चोळणा यांची नावे घेतो. रंगाविषयी तो मौन बाळगतो. त्याला शस्त्रांचे मोल होते, छटांचे नव्हते. मनुचीच्या संग्रहातले, आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात असलेले शिवाजी महाराजांचे अश्वारूढ चित्र पाहावे. भोवतीचे पायदळ एका रंगात नाही. मग उरतो तो रंगाऱ्यांचा इतिहास. नीळ पक्की, आलाच्या मुळीचा तांबडाही टिकाऊ. कुसुंबा मात्र पाण्याला आणि उन्हाला न टिकणारा. सह्याद्रीच्या पावसात चार महिने काढलेल्या पागोट्याचा रंग कोणता राहिला असेल, याचा विचार हौशी मंडळींनी एकदा करावा.

आपल्या डोळ्यांतला मावळा आला तरी कुठून? भालजी पेंढारकरांचा १९५२ सालचा ‘छत्रपती शिवाजी’ कृष्णधवल आहे. रंग भरले ते दीनानाथ दलालांसारख्या चित्रकारांनी, दिनदर्शिकांनी आणि नाटकांच्या कपडेपटांनी. त्यांनी निदान नाना रंग भरले. आता ‘अस्सल’ म्हणून जे मावळे नव्याने रंगवलेले दिसतात, त्यांत डोक्यापासून कमरेपर्यंत भगवा चढलेला असतो. भगवा हा झेंड्याचा रंग. झेंडा वेगळा दिसावा म्हणून तर तो उंच धरायचा! सगळ्यांच्या अंगावर तोच चढवला की झेंडाही दिसेनासा होतो आणि माणसेही. ज्यांच्या आरमारात दर्यासारंग आणि दौलतखान होते, त्यांच्या सैन्याचे हे एकरंगी चित्र मला केवळ चुकीचे नव्हे, दरिद्री वाटते.

मीरा-भाईंदरमध्ये हा प्रश्न नुसत्या खेळण्यापुरता उरत नाही. १७३७ ते १७३९ या वसईच्या मोहिमेत घोडबंदरचा किल्ला आणि उत्तनजवळची धारावी (मुंबईतली नव्हे) ही दोन्ही ठिकाणे झुंजत होती. आवारातल्या मुलाने मातीचा किल्ला रचून त्याला घोडबंदर म्हटले, तर त्यावर उभा राहणारा माणूस चिमाजी अप्पांच्या फौजेतला होतो, मावळ खोऱ्यातला नव्हे. त्याच्या हातात बंदूक हवी, शेजारी तोफेचा मोर्चा हवा. रंगाच्या अचूकतेविषयी हळवे होणारे आपण काळाच्या या उडीकडे सहज काणाडोळा करतो.

पाठचिकित्सा शिकणाऱ्यांना वेगळे सांगायला नको की नकलकाराची चूक हादेखील पुरावा असतो. संपादकाने ती हस्तलिखितावरच खोडून ‘शुद्ध’ केली, तर पुढच्याला तपासायला काही उरत नाही. जुन्या मावळ्यावरचा रंग हा असाच एक पाठ आहे. एका कारागिराने, एका काळच्या बाजारासाठी, शिवकाळ कसा कल्पिला याचा. प्लास्टर रंग पिऊन घेते. खरवडायला जावे तर मिशी आणि नाकही निघून येते. वरून नवा थर दिला, तर खालचा कायमचा गाडला जातो. रंग पुरता उडून नुसता पांढरा पुतळा उरला असेल, तर गोष्ट निराळी. तिथे खुशाल कुंचला घ्यावा. एरवी जुन्याला हात लावू नये.

वास्तवाची ओढ असेल, तर बाजारातून कोरा मावळा आणावा. रंग पांढरा मिसळून थोडे फिके करावेत, कारण हातभर अंतरावरून पाहिलेला चार बोटांचा माणूस हा पुष्कळ दुरून पाहिलेल्या माणसासारखा असतो आणि दुरून कुठलाच रंग भडक दिसत नाही. एकाला धुवट पांढरे द्यावे, दुसऱ्याला खांद्यावर काळी घोंगडी, तिसऱ्याला विटलेली नीळ, गुडघ्यापर्यंत सगळ्यांनाच चिखल. आणि एकासारखा दुसरा होऊ देऊ नये.