परकीय हात आणि न उघडलेला अहवाल

२०२५ च्या फेब्रुवारीतील एक संध्याकाळ. बुवापाड्यातील एका चहाच्या टपरीवर आम्ही चारपाच प्राध्यापक उभे होतो. अमेरिकेच्या नव्या सरकारच्या काटकसर विभागाने १६ फेब्रुवारीला जाहीर केले होते की, भारतातील मतदानाचे प्रमाण वाढवण्यासाठी ठेवलेले २ कोटी १० लाख डॉलर रद्द करण्यात येत आहेत. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी पुढच्या काही दिवसांत त्यावर आणखी रंग चढवला आणि दुसऱ्याच कोणाला तरी निवडून आणण्याचा हा डाव असावा असे सुचवले. टपरीवर लगेच दोन बाजू पडल्या. एक सहकारी म्हणाले, "काय सर, आता तरी पटलं ना, कोणाच्या पैशावर चाललं होतं ते?" दुसऱ्यांनी प्रतिप्रश्न केला, "तेव्हा सत्तेवर कोण होतं मॅडमना विचारा, म्हणजे पैसा कोणी येऊ दिला तेही कळेल." दिल्लीत भाजप आणि काँग्रेस यांच्यात याच दोन वाक्यांची देवाणघेवाण मोठ्या आवाजात चालू होती.

काही दिवसांतच 'इंडियन एक्सप्रेस'ने नोंदी तपासून दाखवले की ही रक्कम भारतासाठी नव्हतीच. ती २०२२ मध्ये बांगलादेशसाठी मंजूर झालेली होती. ती बातमी आली तेव्हा मला आनंद झाला आणि तो आनंद बातमी पुरती वाचून होण्याआधीच झाला. माझी बाजू खरी ठरली, एवढेच मला त्या मथळ्यात दिसले. बातमी नीट वाचली ती दुसऱ्या दिवशी. वर्गात वर्षानुवर्षे "आधी संहिता वाचा, मग मत द्या" असे सांगणाऱ्या माणसाने स्वतःच्या राजकारणापुरता हा नियम गुंडाळून ठेवला होता. प्रस्तुत टिपण त्या अस्वस्थतेतून लिहीत आहे.

निवडणुकीतील परकीय हस्तक्षेप हा विषय आपल्याला अमेरिकेने शिकवलेला नाही. १९६७ ची सार्वत्रिक निवडणूक आठवावी. अनेक राज्यांत काँग्रेसची सत्ता गेली आणि लोकसभेतले तिचे बहुमत रोडावले. त्याच काळात अमेरिकेची गुप्तचर संस्था सांस्कृतिक व विद्यार्थी संघटनांना आडमार्गाने पैसा पुरवत असल्याचे उघड झाले होते. निवडणुकीत डॉलर आले की रूबल, की दोन्ही, यावर लोकसभेत वादंग माजले. केंद्र सरकारने गुप्तवार्ता विभागाकडून चौकशी करवली. त्या चौकशीतला म्हणून काही मजकूर जूनमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये आला आणि गदारोळ वाढला. मूळ अहवाल सभागृहापुढे ठेवावा अशी मागणी झाली. गृहमंत्र्यांनी ती मान्य केली नाही. अहवाल जनतेपुढे आला नाही. ते गृहमंत्री होते यशवंतराव चव्हाण.

मराठीच्या अभ्यासकाला हे नाव घेताना थोडे जड जाते. साहित्य संस्कृती मंडळ ज्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात उभे राहिले, ग्रंथांत रमणारा राजकारणी म्हणून ज्यांच्याकडे आपण अभिमानाने बोट दाखवतो, ते हे चव्हाण. त्यांच्या आत्मचरित्राचे तीन खंड योजलेले होते. 'कृष्णाकाठ' १९४६ पाशी थांबते. दिल्लीतील वर्षांचा खंड 'यमुनाकाठ' या नावाने यायचा होता. तो लिहून होण्यापूर्वीच, १९८४ मध्ये, ते गेले. म्हणजे गृहमंत्र्याचा अहवाल फाइलीत राहिला आणि गृहमंत्र्याचे निवेदन अलिखित राहिले. या दोन रिकाम्या जागांवर जवळजवळ सहा दशके आपले पक्ष हवे ते लिहीत आले आहेत.

आता अमेरिकेकडे पाहू, कारण तिथे संहिता उपलब्ध होती. २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीतील रशियन हस्तक्षेपाच्या तपासासाठी मे २०१७ मध्ये रॉबर्ट म्युलर यांची विशेष वकील म्हणून नेमणूक झाली. आपल्याकडील चौकशी आयोगाशी नाते सांगणारे, पण खटला भरण्याचा अधिकार असलेले हे पद. मार्च २०१९ मध्ये त्यांनी दोन खंडांचा, ४४८ पानांचा अहवाल दिला. तो लोकांच्या हाती पडण्याच्या आधी महान्यायवादी विल्यम बार यांनी चार पानी पत्रात त्याचे सार सांगितले. रिपब्लिकनांनी त्या चार पानांवर विजय साजरा केला. डेमोक्रॅटांपैकी अनेकांनी अहवाल काय म्हणणार हे दोन वर्षे आधीच ठरवून ठेवले होते. त्यांना तो अपुरा वाटला. स्वतः म्युलर यांनी बार यांना पत्र लिहून कळवले की त्या सारांशात अहवालाचा आशय आणि संदर्भ नीट उतरलेला नाही.

अहवाल प्रत्यक्ष काय सांगतो? रशियाने निवडणुकीत व्यापक आणि पद्धतशीर हस्तक्षेप केला, हे तो निःसंदिग्धपणे म्हणतो. ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेने रशियाशी कट केल्याचे सिद्ध झाले नाही, असेही म्हणतो. तपासात अडथळे आणल्याच्या प्रश्नावर तो अध्यक्षांना दोषी ठरवत नाही आणि निर्दोषही ठरवत नाही. ही वाक्ये शेजारी शेजारी ठेवून वाचणे ही साध्या वाचनकौशल्याची परीक्षा होती. 'सिद्ध झाले नाही' म्हणजे 'घडलेच नाही' नव्हे. आणि 'निर्दोष ठरवले नाही' म्हणजे 'दोषी ठरवले' नव्हे. दोन्ही पक्षांनी यातले एकेक अर्धे वाक्य उचलले.

इथे कोणी विचारेल की मग संहिता मिळून तरी काय साधले? भांडण तर तसेच राहिले. हा आक्षेप वजनदार आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. पक्षाभिमानी वाचकाला संहिता बदलत नाही, हे मान्यच करायला हवे. परंतु संहिता समोर असली की खोटा सारांश फार काळ टिकत नाही. बार यांची चार पाने आणि म्युलर यांची ४४८ पाने शेजारी ठेवून कोणालाही ताडून पाहता आली. ऑगस्ट २०२० मध्ये सिनेटच्या गुप्तवार्ता समितीने, तेव्हा तिथे रिपब्लिकनांचे बहुमत असतानाही, रशियन हस्तक्षेपाविषयीचा स्वतःचा विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. पुढे खुद्द तपास कसा सुरू झाला याचाही तपास झाला आणि जॉन डरहॅम यांच्या २०२३ च्या अहवालाने तपासयंत्रणेवर कडक टीका केली. तीही वाचायला उपलब्ध आहे. मतभेद उरले, पण ते पानांचा हवाला देऊन मांडता येतात. ज्याला खरोखर जाणून घ्यायचे आहे अशा एकट्यादुकट्या माणसाला जाण्यासाठी जागा आहे.

आपल्याकडे ती जागा नाही. म्हणून आपला इतिहास आपण परक्यांच्या पुस्तकांतून वाचतो. १९७३ ते १९७५ या काळात भारतात अमेरिकेचे राजदूत असलेले डॅनियल मॉयनिहन यांनी १९७८ च्या पुस्तकात लिहिले की, केरळ आणि पश्चिम बंगालमधील कम्युनिस्टांना रोखण्यासाठी अमेरिकेने दोनदा काँग्रेसला पैसा दिला. इंदिरा गांधींनी ते नाकारले. २००५ मध्ये मित्रोखिन यांनी सोव्हिएत दप्तरातून उतरवून नेलेल्या टिपणांवर आधारलेले दुसरे पुस्तक आले. त्यात काँग्रेस आणि कम्युनिस्ट पक्ष यांना मॉस्कोहून पैसा मिळाल्याचे म्हटले होते. भाजपने चौकशी मागितली, काँग्रेसने सारे बिनबुडाचे ठरवले. एकाच पक्षावर दोन्ही महासत्तांकडून पैसा घेतल्याचा आरोप आहे आणि प्रत्येक जण आपल्याला सोयीचे पुस्तक फडताळातून काढतो. एक राजदूताची आठवण, दुसरे फितूर दप्तरदाराचे टिपण. दोन्हींची विश्वासार्हता तपासायला ज्या तिसऱ्या कागदाची गरज आहे, तो दिल्लीत बंद राहिला.

साहित्याच्या वाचकांनी यावर राजकारण्यांना हसण्याचे कारण नाही. आपणही याच घरातले. १९५१ मध्ये मुंबईत सांस्कृतिक स्वातंत्र्याची परिषद भरली आणि तिच्यातून भारतीय समिती उभी राहिली. प्रभाकर पाध्ये यांच्यासारखे मराठी समीक्षक तिच्या कामात होते. १९५५ मध्ये निसिम इझिकेल यांच्या संपादनाखाली 'क्वेस्ट' सुरू झाले. मूळ आंतरराष्ट्रीय संस्थेमागे अमेरिकन गुप्तचरांचा पैसा होता हे पुढे उघड झाले, तेव्हा 'क्वेस्ट'मध्ये काय छापले गेले याचा विचार न करता सगळ्याच लेखनावर शिक्का मारणारे लोक निघाले. त्याच वेळी मॉस्कोच्या प्रगती प्रकाशनाची स्वस्त, देखणी मराठी भाषांतरे आपल्या पिढीच्या घराघरांत होती. ती इतकी स्वस्त कशी, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले? अमेरिकन पैसा दिसला की कट आणि रशियन पैसा दिसला की संस्कार, किंवा याच्या बरोबर उलट, अशी आपली वाटणी होती.

पैसा कोणाचा, हा प्रश्न रास्त आहे. मजकूर काय, हाही रास्त आहे. एकाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी देणे मात्र रास्त नाही. इझिकेल यांनी निवडलेली कविता गुप्तचरांची होत नाही. आणि टॉलस्टॉय स्वस्तात मिळाला म्हणून अनुदानाचा हेतू निरागस ठरत नाही.

१९७६ मध्ये, आणीबाणीत, परकीय देणग्यांविषयीचा कायदा झाला. त्यात उमेदवार आणि राजकीय पक्ष यांच्या बरोबरीने वृत्तपत्रांचे संपादक, स्तंभलेखक आणि व्यंगचित्रकार यांनाही परकीय पैसा घेण्यास मनाई होती. लिहिणारा आणि निवडून येणारा एकाच रांगेत. २०१० मध्ये नवा कायदा आला, पक्षांवरची मनाई कायम राहिली. २८ मार्च २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला की, लंडनमध्ये नोंदलेल्या वेदान्त समूहाच्या भारतीय कंपन्यांकडून देणग्या घेऊन काँग्रेस आणि भाजप या दोघांनीही हा कायदा मोडला आहे. मग काय झाले? २०१६ च्या वित्त कायद्यात परकीय स्रोताची व्याख्या २०१० पासून मागे लागू होईल अशी सैल केली गेली. तेवढ्याने जुनी वर्षे झाकली जाईनात, म्हणून २०१८ च्या वित्त कायद्याने ती सवलत थेट ५ ऑगस्ट १९७६ पर्यंत मागे नेली. ते विधेयक गोंधळात, चर्चेविना लोकसभेने मंजूर केले. परकीय हातावरून एकमेकांच्या देशभक्तीचे वाभाडे काढणाऱ्या दोन पक्षांवरचे जुने किटाळ चार ओळींच्या दुरुस्तीने एकदमच पुसले गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरले, तेव्हा देणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची यादी बाहेर आली ती न्यायालयाच्या आदेशाने. कोणत्याही सरकारने ती स्वखुशीने दिली नव्हती.

यावरून माझे म्हणणे इतकेच की, परकीय हस्तक्षेपावरचे आपले पक्षीय भांडण हे मुळात मतभेदाचे भांडण नाही. मतभेद व्हायला दोघांसमोर एकच मजकूर लागतो. मजकूर झाकून ठेवण्याबाबत मात्र दोन्ही बाजूंचे हित जुळते आणि वरचा आवाज त्या जुळणीवर पांघरूण घालतो.

टपरीपासून थोड्या अंतरावर अंबरनाथचे शिवमंदिर आहे. त्याच्या द्वाराच्या तुळईवर शिलाहार राजा माम्वाणीच्या काळातला एक लेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी त्यातील शक ७८२ असा वाचला. पुढे भगवानलाल इंद्रजींनी तो पुन्हा पाहिला आणि ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा वाचला. दोनशे वर्षांचा फरक. पण दगड जागेवर होता, अक्षरे उघडी होती, म्हणून एका मोठ्या विद्वानाचे वाचन दुसऱ्या विद्वानाला दुरुस्त करता आले. यात कोणाच्या निष्ठेचा प्रश्न आला नाही.

नऊशे वर्षांपूर्वीच्या राजाचा लेख आपण ताडून पाहू शकतो आणि १९६७ च्या गृहखात्याचा अहवाल नाही, हे विपरीत आहे. त्यात नावे असलेले बहुतेक सारे आज हयात नसतील; उरले आहे ते पक्षांचे संकोचणे. तो अहवाल प्रसिद्ध करावा अशी मागणी दोन्ही बाजूंच्या माणसांना एकत्र सही करून करता येईल. टपरीवरच्या त्या सहकाऱ्यांपुढे मी हेच मांडणार आहे. अहवालात माझ्या बाजूला नको असलेले काही निघण्याची शक्यता बरीच आहे. तेही पान मला वाचावे लागेल, आणि या वेळी आधी वाचून मग बोलावे लागेल.