सुट्या गोणीतलं डॉग फूड बंद करा!

करंजा, चाणजे, उरण आणि पनवेल परिसरातले श्वानपालक, दुकानदार व लोकप्रतिनिधी यांच्यासाठी जाहीर पत्रक



दुकानाच्या उंबऱ्याशी तोंड उघडं टाकलेली गोण असते. आत तपकिरी गोळ्या, वर एक प्लास्टिकचं माप. गिऱ्हाईक विचारतं, "कसं किलो?" दुकानदार भाव सांगतो, पारदर्शक पिशवीत माप रिकामं करतो, गाठ मारतो. कंपनी कोणती, माल कधीचा, गोण कधी फोडली, यातलं काही विचारलं तर उत्तर ठरलेलं: "कुत्र्याचंच आहे ना, सगळे हेच नेतात."

आमचं भांडण या "कुत्र्याचंच आहे ना"शी आहे. हेच माप, हीच गोण, हीच निनावी पिशवी लहान बाळाच्या पावडरीसाठी वापरली असती तर गावाने दुकान बंद पाडलं असतं. कुत्र्याच्या बाबतीत मात्र आपण पैसे मोजतो, पिशवी उचलतो आणि घरी येतो.

12 जानेवारी 2024 ला अटल सेतू खुला झाला, त्याच दिवशी उरणपर्यंतच्या लोकलला हिरवा झेंडा मिळाला. उलवे आणि द्रोणागिरीत इमारती वाढल्या. माणसांबरोबर लॅब्राडोर, शित्झू, हस्की आले. पाड्यांवरच्या गावठी कुत्र्यांच्या गळ्यातही पट्टे आले. खाण्याचा बाजार त्यांच्या मागोमाग आला, पण त्या बाजारावर लक्ष ठेवायला कोणी आलं नाही. म्हणून हे पत्रक.

गोण फोडली की काय हरवतं?

पहिली गोष्ट म्हणजे नाव-गाव. बनवणाऱ्याचा पत्ता, तुकडीचा (बॅचचा) क्रमांक, तारीख, घटकांची यादी हे सगळं गोणीवर छापलेलं असतं, गोळ्यांवर नाही. सुटा माल घेतला की कुत्रा आजारी पडल्यावर बोट दाखवायला कोणी उरत नाही. कंपनीने एखादी तुकडी परत मागवली तरी तुमच्या पिशवीतला माल त्याच तुकडीतला आहे की नाही, हे तुम्हाला कळणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे कोरडेपणा. कोरड्या डॉग फूडमध्ये साधारण 10 टक्के पाणी असतं, त्या कोरडेपणावरच ते टिकतं. गोळी तयार झाल्यावर तिच्यावर चरबीचा हात फिरवलेला असतो, कुत्र्याला वास आवडावा म्हणून. हवा लागली की ती चरबी खवट होते, त्याबरोबर अ आणि ई जीवनसत्त्वंही उतरतात. आता करंज्याची हवा आठवा. तीन बाजूंनी खारा वारा, आणि 1 जूनला पावसाळी मासेमारीबंदीमुळे होड्या किनाऱ्याला लागल्या की घरातलं मीठसुद्धा ओलं होतं. अशा हवेत महिनाभर उघडी पडलेली गोण ओल धरणार नाही, असं कोण छातीवर हात ठेवून सांगेल?

ओल आली की बुरशी आली. मका, शेंगदाण्याची पेंड, तांदळाची कणी हे स्वस्त खाण्याचे मुख्य घटक, आणि बुरशीचेही आवडते. त्यातली अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ते यकृतावर घाव घालतं, आणि कुत्रं या विषाला फार हळवं असतं. बुरशी पुसली, खाणं उन्हात टाकलं, गरम पाणी ओतलं, तरी विष जात नाही. पुष्कळदा ते डोळ्यांना दिसतही नाही.

आधी कुत्री, मग माणसं

"कुत्र्याच्या खाण्यासाठी एवढा आटापिटा?" असं विचारणाऱ्यांना काही वर्षं सांगतो.

1974. गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा. अवकाळी पावसात मका भिजला, आदिवासी घरांनी तोच साठवून खाल्ला. कावीळ झाली, पोटात पाणी झालं, शंभराहून अधिक माणसं गेली. त्याच घरांतली, तोच मका खाणारी कुत्रीही तशीच पोट फुगून मेली. तपासात मक्यात अफ्लाटॉक्सिन सापडलं.

2004. थायलंडमधल्या एका कारखान्यातलं कोरडं डॉग फूड खाऊन आशियातल्या अनेक देशांत कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. तेव्हा दोष बुरशीवर टाकून प्रकरण मिटलं.

2007. उत्तर अमेरिकेत कुत्री-मांजरं मूत्रपिंडं बिघडून मरू लागली. मार्च महिन्यात कॅनडातल्या मेनू फूड्स कंपनीला 6 कोटी डबे-पाकिटं परत मागवावी लागली. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये मेलामाइन मिसळलेलं होतं. ताटल्या बनतात तेच मेलामाइन. प्रयोगशाळा प्रथिनं थेट मोजत नाही, नायट्रोजन मोजून त्यावरून प्रथिनांचा आकडा काढते. आणि मेलामाइनमध्ये तब्बल 66 टक्के नायट्रोजन असतो. चिमूटभर टाकलं की कागदावर प्रथिनं वाढतात. मग 2004 च्या कुत्र्यांचे जपून ठेवलेले नमुने पुन्हा तपासले, तर त्यांतही मेलामाइन निघालं.

2008. तेच मेलामाइन चीनमध्ये बाळांच्या दुधाच्या पावडरीत सापडलं. सुमारे 3 लाख बाळं आजारी पडली, 6 दगावली.

क्रम नीट पाहा. भेसळ करणारा आधी जिथे कोणी तपासत नाही तिथे हात साफ करतो. कुत्र्याच्या ताटात खपलं की बाळाच्या बाटलीत जातं. 2004 साली कुत्र्यांच्या मरणाचा तळ गाठला असता, तर पुढचं काही टळलं असतं.

आणि आपल्या शेजारचं विसरू नका. ऑगस्ट 2017 मध्ये पनवेल तालुक्यातल्या तळोजा औद्योगिक वसाहतीत, कासाडी नदीच्या परिसरात निळ्या रंगाची कुत्री फिरताना दिसली. कारखान्याचा रंग त्यांच्या अंगावर चढला होता. फोटो देशभर गाजले, तेव्हा कुठे प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारवाई केली. ती कुत्री बाहेरून निळी झाली म्हणून दिसली. पोटातून खराब होणारी कुत्री कोणाला दिसणार?

कायदा काय म्हणतो?

अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 मध्ये "अन्न" या शब्दाच्या व्याख्येतूनच पशुखाद्य वगळलं आहे. म्हणजे मिठाईच्या दुकानात नमुना घेणारा अन्न सुरक्षा अधिकारी शेजारच्या डॉग फूडच्या गोणीला हात लावत नाही. ते त्याचं कामच नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा मालकाला "पुरेसं" खाणं द्यायला सांगतो. खाणं चांगलं असावं, यावर तो गप्प आहे. भारतीय मानक ब्युरोने कुत्र्या-मांजराच्या खाण्याचं मानक केलं आहे, पण ते पाळणं कंपनीच्या मर्जीवर आहे.

1 जानेवारी 2021 पासून मुलांच्या खेळण्यांना मानक चिन्ह सक्तीचं झालं. म्हणजे प्लास्टिकच्या कुत्र्याला मानक हवं, जिवंत कुत्र्याच्या खाण्याला नको! कर घेताना मात्र सरकारची नजर तीक्ष्ण आहे. 2017 साली जीएसटी आला तेव्हा गुराढोरांच्या खाद्यावर शून्य आणि कुत्र्या-मांजराच्या पाकीटबंद खाण्यावर 18 टक्के कर लागला. कर घ्या, पण त्या पैशातून निदान नमुने तरी तपासा.

तरीही आपल्या हातात एक कायदा आहे. वैध मापन शास्त्राच्या 2011 च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार गिऱ्हाईक समोर नसताना बांधून ठेवलेल्या पिशवीवर बनवणाऱ्याचं किंवा भरणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावाच लागतो. दुकानात हारीने टांगलेल्या त्या अर्धा-एक किलोच्या कोऱ्या पिशव्या सरळ नियमभंग आहेत. विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर आज सांगून ठेवतो.

महाग म्हणजे चांगलं, हाही भ्रम

आम्ही कोणत्याही कंपनीचे दलाल नाही. 2007 मध्ये परत मागवलेल्या मालात स्वस्त नावंही होती आणि महागडीही; बनवणारी कंपनी एकच होती. तेव्हा पाकिटावरच्या कुत्र्याच्या फोटोकडे पाहू नका, मागची बारीक अक्षरं वाचा.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने आहे का, आणि पहिल्या नावांत कोंबडी, मासा, अंडं असं काही आहे का, ते पाहा. खाणं "पूर्ण व समतोल" आहे आणि कोणत्या वयासाठी, हे लिहिलंय का? अमेरिकेतल्या मानकानुसार पाण्याचा अंश वगळून मोठ्या कुत्र्याला किमान 18 टक्के प्रथिनं लागतात, पिल्लाला 22.5 टक्के. ओल्या खाण्याच्या डब्यावर 8 टक्के प्रथिनं लिहिलेली पाहून नाक मुरडू नका. डब्यात 80 टक्के पाणी असेल तर कोरड्या हिशेबाने ती 40 टक्के होतात. मोठ्या जातीच्या पिल्लाला वरून कॅल्शियमच्या गोळ्या चारू नका. जास्तीच्या कॅल्शियमने हाडं वाकडी होतात.

मच्छी-भाताचं काय?

करंज्याचं कुत्रं मच्छी-भातावर वाढलं आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. निनावी गोणीपेक्षा घरचं ताजं खाणं शंभर वेळा बरं. फक्त ते कुत्र्याचं जेवण असावं, आपल्या कालवणाचं उरलंसुरलं नव्हे.

मासा ताजा, उकडलेला, काटे काढलेला असावा. खारवलेल्या सुक्या मासळीत मीठ भरपूर असतं, ती रोज नको. शिजवलेलं हाड फुटून टोकदार होतं आणि आतडं फाडतं. कोंबडीवाल्याकडून आणलेली आतडी कच्ची घालू नका, पूर्ण शिजवा. नुसता चिकन-भात महिनोन् महिने दिला तर कॅल्शियम कमी पडतं, म्हणून घरच्या खाण्याचा आराखडा पशुवैद्याकडून एकदा तरी करून घ्या.

कांदा-लसूण कच्चा असो वा रश्श्यातला, कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. दहा किलोच्या कुत्र्याला एका वेळी 50 ग्रॅम कांदाही बाधू शकतो. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट, आणि झायलिटॉल घातलेली साखरविरहित च्युइंगम घरात असतील तर कुत्र्याच्या तोंडापासून लांब ठेवा.

जेट्टीवरच्या भावांना एक वेगळी विनंती. जाळ्यात केंड मासा आला की तुम्ही तो फेकता, कारण तो विषारी आहे हे तुम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. पण तो जेट्टीवर टाकू नका, कुत्री खातील. शिजवूनही ते विष मरत नाही. 2009 मध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंड परिसरात किनाऱ्यावर कुत्री मेली, तेव्हा समुद्री गोगलगायींत हेच विष सापडलं आणि मग माणसांनाही इशारा द्यावा लागला. इथेही आधी कुत्रीच!

"पूर्वी कुठे होतं डॉग फूड?"

नव्हतं. पूर्वी कुत्रं घरातलं त्या दिवशीचं खायचं. जे माणसाला बाधलं नाही तेच त्याच्या वाट्याला यायचं. आज आपण त्याला माणूस तोंडातही घेणार नाही असं काहीतरी कारखान्यातून आणून घालतो. कुत्र्याने पोळी पळवली तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. कोरडी पोळी त्याला बाधेल, ही त्यांची चिंता होती. आणि आपण सांगतो, "कुत्र्याचंच आहे ना."

"परवडत नाही" हे खरं असू शकतं, त्याची चेष्टा आम्ही करणार नाही. ज्याला पाकीट परवडत नाही त्याने भात, अंडं, उकडलेली मच्छी, भोपळा घालावा. स्वस्त सुटा माल हा गरिबाचा आधार नाही. आजारी कुत्रं घेऊन परळच्या प्राण्यांच्या रुग्णालयाच्या खेपा घालायची वेळ आली की किलोमागे वाचवलेल्या रुपयांचा हिशेब एका दिवसात चुकता होतो.

आमच्या मागण्या

1. दुकानदारांनी उघड्या गोणीतून डॉग फूड विकणं थांबवावं. गिऱ्हाईक थोडंच घेत असेल तर कंपनीचं लहान बंद पाकीट ठेवावं, आणि तेही जमिनीपासून वर, कोरड्या जागी.

2. वैध मापन विभागाने उरण-पनवेलच्या दुकानांतल्या कोऱ्या पिशव्यांची तपासणी पावसाळ्याआधी करावी.

3. ग्रामपंचायतींनी याबद्दल ग्रामसभेत ठराव घ्यावा आणि जेट्टीवर टाकाऊ मासळीसाठी झाकणाचं पिंप ठेवावं.

4. पशुसंवर्धन विभागाने कुत्र्यांच्या खाण्याचे नमुने घेऊन अफ्लाटॉक्सिनची तपासणी करावी आणि निकाल जाहीर करावेत.

5. केंद्र सरकारने कुत्र्या-मांजराच्या खाण्याचं मानक सक्तीचं करावं. खेळण्यांना जमतं, ते खाण्याला जमलंच पाहिजे.

आणि तुम्ही?

पाकीट बंदच घ्या, पावती मागा, महिन्याभरात संपेल एवढंच आणा. पाकिटासकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, म्हणजे तुकडी क्रमांक हाताशी राहील. खवट किंवा कुबट वास आला तर कोंबड्यांनाही घालू नका, फेका. कुत्र्याने खाणं सोडलं, उलट्या झाल्या, हिरड्या किंवा डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला, लघवी गडद झाली, तर घरगुती उपाय करत बसू नका. त्याच दिवशी पशुवैद्य गाठा. उरलेलं खाणं, पाकीट आणि पावती जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली कुत्र्याचं खाणं घेणाराही ग्राहकच आहे.

पुढच्या वेळी दुकानात माप गोणीत बुडालं की दुकानदाराला एवढंच म्हणा: "दादा, नाव-तारीख असलेलं बंद पाकीट द्या, नाहीतर राहू द्या." दहा गिऱ्हाइकं असं म्हणाली की अकराव्यासाठी तो गोण फोडणार नाही.

आपले,
करंज्यातले काही श्वानपालक

(वाचून झाल्यावर पत्रक शेजाऱ्याला द्या. एक प्रत तुमच्या दुकानदारालाही.)