तात्या विंचू आला, पण लक्ष्याचं काय?

गेल्या महिन्यात कुर्डुवाडीला घरी गेले होते. लॅपटॉप बॅगेतून बाहेर काढायचाच नाही आणि दोन दिवस मस्त लोळायचं, एवढाच प्लॅन. पण सात वर्षांचा भाचा मागे लागला, "आत्या, 'झपाटलेला' बघू ना!" मी तर एकदम खूश. चिवड्याचं ताट घेऊन बसले, आणि पठ्ठ्याने काय लावावं? 'झपाटलेला २'!

"हा नाही रे, पहिला लाव."

"तो जुना आहे. त्यात बाहुला नीट हलत पण नाही."

नीट हलत नाही?! बॉस, त्याच बाहुल्यापायी आमच्या घरातल्या शोकेसमधली बाहुली मी दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून ठेवली होती.

'झपाटलेला' आला १९९३ साली, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी. आमच्या पिढीने तो टीव्हीवरच पाहिला. तेही लोडशेडिंगच्या दिवसांत! तात्या विंचू लक्ष्याच्या शरीरात शिरायला निघाला की नेमके लाइट जायचे. त्यामुळे पुढे महेश कोठारे बाहुल्याच्या दोन भुवयांच्या मधोमध गोळी घालतो, हे मला कितीतरी दिवस फक्त ऐकून माहीत होतं. आणि अंधारात बसून मी एकच प्रश्न विचारायचे, "पप्पा, लक्ष्या वाचतो ना?" पप्पा म्हणायचे, "वाचतो की!"

एकदा मात्र ते सहज बोलून गेले, "लक्ष्मीकांत बेर्डे गेला की गं, २००४ मध्येच." मी दहा वर्षांची असेन. काही केल्या पटेना. तात्याला मारलं होतं ना? मग लक्ष्या कसा गेला?

२०१३ मध्ये दुसरा भाग आला, मराठीतला पहिला थ्रीडी सिनेमा. पप्पांना ओढत पुण्याच्या मल्टिप्लेक्समध्ये नेलं. काळे चष्मे लावून दोघं बसलो. दिलीप प्रभावळकरांचा आवाज आला मात्र, अंगावर सर्रकन काटा! वीस वर्षांनीही तोच आवाज, तीच खुनशी गंमत. बाहुला तर थेट मांडीवर येऊन पडतोय असं वाटत होतं. गोष्ट लक्ष्याच्या मुलाची, आणि त्या भूमिकेत आदिनाथ कोठारे. मजा आली, नाही कशाला म्हणू? पण इंटरव्हलला लक्षात आलं, मी एकदाही पप्पांचा हात धरला नव्हता.

मी तेव्हा सोळा वर्षांची झाले होते, हे आहेच. पण मला वाटतं, खरं कारण वेगळं आहे. पहिल्या भागातला बाहुला रामदास पाध्यांनी घडवलेला आणि चालवलेला. तोंड उघडणार, मान फिरणार, डोळे वटारणार. त्याची झेप तेवढीच. बाकीचं सगळं लक्ष्या करायचा. ती बोबडी वळणं, घामाघूम होणं, 'बाहुला बोलतो' हे सगळ्यांना ओरडून सांगणं आणि कुणीच विश्वास न ठेवणं. तो हसवता हसवता इतका मनापासून घाबरायचा, की समोरचं लाकूड खरं वाटायचं. दुसऱ्या भागात बाहुला कितीतरी सुधारला. त्याला तसं घाबरणारं मात्र कुणी उरलं नव्हतं.

हे म्हणजे आमच्या गावासारखं झालं. १८९७ पासूनची बार्शी लाइट नॅरोगेज गेली, ब्रॉडगेज आली. पप्पा रेल्वेतले, ते स्वतः म्हणतात, "चांगलंच झालं, किती वेळ जायचा त्या गाडीत." आणि त्याच गाडीच्या गोष्टी सांगताना जेवण थंड करतात.

तात्याचा अमेरिकन भाऊबंद चकी १९८८ पासून परत परत येतोय. आपल्याकडेही तिसऱ्या भागाची घोषणा झालीय. हल्ली गेलेल्या माणसालाही कॉम्प्युटरवर उभं करता येतं म्हणे. म्हणजे तात्याला निदान मंत्र तरी पाठ करावा लागला होता! असा लक्ष्या पडद्यावर आला तर मी हसेन की डोळे मिटून घेईन, कुणास ठाऊक. तिकीट मात्र पहिल्याच दिवसाचं काढणार, हे लिहून देते.

शेवटी भाच्याला पहिला भाग बघायला बसवलाच. आधी "किती जुनं आहे," मग "हा बाहुला फेक आहे," मग हळूच सरकत माझ्या पदराशी. पदर कसला, ओढणीच. टोक घट्ट मुठीत.

"आत्या, हे काका दुसऱ्या पार्टमध्ये का नव्हते?"

मी पप्पांकडे बघितलं. पप्पांनी माझ्याकडे.

"शेंगाचटणी काढलीय," पप्पा उठत म्हणाले, "चला आधी जेवून घ्या."